अंगाशी बसणारे वाद्य

गेल्या महिन्यात नातवाने विजेवर चालणारी नवी बास गिटार घरी आणली. पसंत पडली नाही तर आठ दिवसांत परत करण्याची बोली होती. आमच्या घरात तंबोरा पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यात उभा. त्यामुळे हे भोपळा नसलेले, भरीव लाकडी वाद्य मी संशयानेच हाती घेतले. वजन बरेच भरले. पण मांडीवर घेताच नवल वाटले. पाठीमागून लाकूड तासून पोटाला जागा दिलेली, आणि कोपर टेकतो तेथली कड उतरती केलेली! वाजवणाऱ्याच्या देहाची एवढी काळजी कोणी वाहिली असेल, याचा शोध घेता घेता मी लिओ फेंडर या गृहस्थांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. आईवडिलांचा संत्र्यांचा मळा होता. लहानपणीच आजारात त्यांचा डावा डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, ओढा मात्र रेडिओकडे. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली त्यांनी फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. गावातले वादक आपली यंत्रे दुरुस्तीला आणीत, आणि त्यांबरोबर आपली गाऱ्हाणीही. खुद्द फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती, आणि पुढेही ते कधी शिकले नाहीत. म्हणूनच, मला वाटते, ते ऐकून घेऊ शकले.

त्या काळी खर्जाचे स्वर काढायचे तर माणसापेक्षा उंच असे डबल बास हे वाद्य उभे धरावे लागे. प्रवासात त्याचे ओझे, वाद्यमेळाच्या गलबल्यात आवाज बुडालेला, आणि दांड्यावर पडदे नसल्यामुळे स्वराची जागा अंदाजाने शोधायची. १९५१ साली फेंडर यांनी प्रिसिजन बास तयार केली. आडवी, पट्ट्याने गळ्यात अडकवायची. तारेची लांबी ३४ इंच. दांड्यावर सतारीसारखे पडदे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागावा, म्हणूनच हे नाव. लांब दांड्याच्या भाराने वाद्य खाली झुकू नये यासाठी त्यांनी वरचे शिंग पुढे काढले आणि पट्ट्याची खुंटी तेथे बसवली. शोभेची वाटणारी ती वळणदार आकृती वस्तुतः तोल सांभाळण्यासाठी आहे.

तरीही पहिल्या रचनेत उणे होतेच. अंग सपाट फळीसारखे, कडा टोचणाऱ्या. वादकांनी तक्रार केली, आणि १९५४ साली त्या कडा तासल्या गेल्या. १९६० मध्ये जाझ बास आली. तिचा दांडा खुंट्यांच्या बाजूला अधिक निमुळता, आणि कमरेची वळणे पुढेमागे सरकवलेली, म्हणजे बसून वाजवणाऱ्याच्या मांडीवर ती नीट टेकावी.

पुढे प्रकृती ढासळली. आपले आता फार दिवस उरले नाहीत अशा समजुतीने त्यांनी १९६५ साली आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतर उपचार बदलले आणि ते बरे झाले! दुसरा कोणी असता तर आरामात बसला असता. हे पुन्हा कामाच्या मेजाशी बसले. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही बास निघाली, तीत त्यांचा हात होता. त्यानंतर जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्यासह त्यांनी आणखी एक कंपनी काढली. २१ मार्च १९९१ रोजी ते वारले. हातातले काम अखेरपर्यंत सुटले नव्हते.

हे चरित्र वाचून मी थोडा खजील झालो. तरुणपणी तंबोरा घेऊन बसताना पाय अवघडले, तर ते सोसणे हीच साधना असे मी मानीत आलो. पुढे गुडघ्यांनीच मला बैठकीवरून उठवले. म्हणून आठ दिवस संपण्यापूर्वी मी नातवाला अर्धा तास उभ्याने वाजवायला लावले, आणि सूर कसा लागला हे न विचारता खांदा कसा आहे ते विचारले. खांदा भरून आला होता. अरुंद पट्टा काढून रुंद पट्टा लावला, आणि तो तासभर वाजवत राहिला. बास गिटार घरीच राहिली आहे, तंबोऱ्याशेजारी.