मँचेस्टरची विद्या, वऱ्हाडचा कापूस

वणीच्या बाजार समितीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मला मँचेस्टर आठवते. ते शहर मी पाहिलेले नाही. पण बँकेच्या नोकरीत तीसेक वर्षे गेली, त्यातली बरीच कापसाच्या पट्ट्यात. जिनिंगवाल्यांचा तारण माल मोजता मोजता एवढे कळले, की आपल्या काळ्या जमिनीतल्या बोंडाचा भाव दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूल-मँचेस्टरच्या बाजारावर हेलकावे खात असे. तिथली विद्या इकडे आणणाऱ्या जमशेटजी टाटांचे चरित्र आपण मुंबई आणि जमशेदपूर या दोन टोकांनी वाचतो. मधला मुक्काम विदर्भातला आहे, त्याबद्दल आज लिहावे म्हणतो.

जमशेटजी १८३९ साली नवसारीला जन्मले. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. मग हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत रोज नवी बँक आणि नवी कंपनी निघू लागली. अशाच एका बँकेची योजना घेऊन जमशेटजी लंडनला गेले. पण १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्या जवळच्या कागदांना रद्दीची किंमत आली. तेव्हा हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण आपणहून धनकोंसमोर उभा राहिला आणि सारा हिशेब उघडा करून बसला. धनकोंनी त्यांनाच पगारी लिक्विडेटर नेमले! थकबाकीदार बँकेची गल्ली कशी टाळतो, हे मी जन्मभर पाहिले आहे. म्हणून चरित्रातले हे पान मी पुन्हा पुन्हा वाचतो.

पुढे १८६९ साली त्यांनी चिंचपोकळीची बुडालेली तेलगिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली, नफ्यात विकली आणि पुन्हा लँकेशायर गाठले. या खेपेला ते विद्यार्थी होते. मँचेस्टरच्या आसपास कापसाचे एक झाड नाही. त्यांच्याजवळ होते ते कोळसा, १८३० पासूनची लिव्हरपूलची रेल्वे आणि दमट हवा. त्या हवेत सूत तुटत नाही. कापूस समुद्रापलीकडून यायचा आणि कापड होऊन पुन्हा समुद्रापलीकडे जायचे. जमशेटजींनी हे गणित उलटे मांडले. सगळे मुंबईत गिरण्या बांधत असताना त्यांनी कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची ठरवली. नागपूरच्या भोवती कापूस होता, रेल्वे १८६७ सालीच आली होती, आणि कोळसा वरोऱ्याला, म्हणजे आपल्या वणीहून वर्धा नदी ओलांडली की समोरच. हवा तेवढी कोरडी. ती दमट करण्याची यंत्रे त्यांनी पुढे बसवली.

१८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची, आजच्या गांधीसागराकडची, दलदलीची जागा घेतली. भराव घालण्यात पैसा चालला. नागपूरच्या एका सावकाराला हे जमिनीत सोने पुरणे वाटले आणि त्याने हात आखडता घेतला. गिरणी चालली, तेव्हा त्यानेच चूक कबूल केली म्हणतात. त्या सावकाराला मी हसत नाही. गावातच सूत काढायचे म्हणणाऱ्या एका तरुणाचा कर्जाचा अर्ज मी तारण अपुरे म्हणून परत केला होता. नियमाने मी बरोबर होतो. पुढे तो कापसाची दलाली करू लागला.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग. पहिली यंत्रे स्वस्तातली आणि सुमार निघाली, ती बदलावी लागली. पण १८८३ च्या सुमारास, लँकेशायरचे यंत्रकार रिंग चात्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते तेव्हा, जमशेटजींनी त्या नागपुरात चालवून पाहिल्या. गुरूपेक्षा शिष्य पुढे गेला तो इथे. कामगार हवे तेव्हा येत, हवे तेव्हा गावी जात. त्यांना दंडाने नव्हे तर बक्षिसांनी बांधून ठेवले. १८८६ साली पेन्शन फंड निघाला. आम्हा बँकवाल्यांची पेन्शन १९९५ च्या नियमांची, हे जाता जाता सांगतो.

ही गिरणी १९८६ साली राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. मँचेस्टरच्याही कित्येक गिरण्यांत आता लोक फ्लॅट घेऊन राहतात.

जमशेटजींची नजर मात्र सुतावर थांबली नव्हती. १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा जुळवून पोलाद काढता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. पण तो कोळसा भट्टीला चालेना, सरकारच्या अटीही जाचक होत्या. वीस वर्षांनी मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांनी शोध घेतला तो याच मुलखात, आणि नकाशा बघता बघता ते पूर्वेकडे सरकले. जमशेटजी १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत वारले. पोलाद निघाले १९१२ साली, जमशेदपूरला.

त्या काळी आपला जिल्हा सरकारी दप्तरात वणीच्या नावाने होता. १९०५ साली तो यवतमाळ झाला. पुढच्याच वर्षी वरोऱ्याची खाण बंद पडली. वणीचा कोळसा अजून निघतो. त्याचे ट्रक रात्रभर घरासमोरून जातात.