डॉन हुआन कुणाला भेटला? कार्लोस कास्तानेडा यांचे आयुष्य

कार्लोस कास्तानेडा यांच्या जन्माच्या दोन हकिकती आहेत. ते स्वतः सांगत त्याप्रमाणे त्यांचा जन्म १९३५ चा, ब्राझीलमधला, आणि ते सहा वर्षांचे असताना आई वारली. कागदपत्रे वेगळे सांगतात. जन्म २५ डिसेंबर १९२५, पेरू देशातील काहामार्का शहर, वडील सोनारकाम करणारे. आणि आई गेली तेव्हा मुलगा चोवीस वर्षांचा होता. ही तफावत १९७३ च्या मार्चमध्ये टाइम साप्ताहिकाने छापली. कास्तानेडा त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर होते. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतकी प्रसिद्धी क्वचितच मिळाली असेल.

१९५१ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकू लागले. त्यांच्या सांगण्यानुसार १९६० च्या उन्हाळ्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ एका बस स्थानकावर, त्यांना डॉन हुआन नावाचा याकी जमातीचा म्हातारा भेटला. हा म्हातारा शामन, म्हणजे आपल्याकडे पाड्यावर ज्याला भगत म्हणतात साधारण तसा. त्याने त्यांना शिष्य करून घेतले आणि तीन वनस्पतींच्या साहाय्याने वेगळ्या जगाचे दर्शन घडवले: पेयोटी नावाचे निवडुंग, एक प्रकारची अळंबी आणि धोत्रा. होय, आपल्याकडे उकिरड्यावर उगवतो त्याच धोत्र्याचा तिकडचा भाऊबंद.

१९६८ मध्ये विद्यापीठाच्याच प्रकाशन संस्थेने हे अनुभव पुस्तकरूपाने काढले. व्हिएतनाम युद्धाला विटलेल्या तरुणांनी ते डोक्यावर घेतले. १९७१ आणि १९७२ मध्ये आणखी दोन पुस्तके आली. खप लाखोंवर गेला. तिसऱ्या पुस्तकाचाच मजकूर थोड्याफार फरकाने प्रबंध म्हणून सादर झाला आणि १९७३ मध्ये विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हियो पाझ, जे १९६८ पर्यंत दिल्लीत राजदूत होते, त्यांनी पहिल्या पुस्तकाच्या स्पॅनिश आवृत्तीला प्रस्तावना लिहिली.

या सगळ्या गाजावाजात ज्यांच्या नावावर पुस्तक विकले जात होते, त्या याकी लोकांना कुणी विचारले नाही. याकी हे मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातले, नदीकाठी शेती करणारे लोक. जमिनीसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या लढले. पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत हजारो याकींना पकडून दूर युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर राबायला पाठवले गेले. जे निसटले त्यातले बरेच सीमा ओलांडून अ‍ॅरिझोनात वसले. तिथल्या पास्कुआ याकींना अमेरिकन सरकारची मान्यता मिळायला १९७८ साल उजाडले. त्यांचे स्वतःचे सण आहेत, ईस्टरचे मोठे विधी आहेत, हरणाचे नृत्य आहे. कास्तानेडा यांच्या पुस्तकात यातले जवळपास काहीच नाही. याकी समाजाचा आयुष्यभर अभ्यास करणारे एडवर्ड स्पायसर यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले की, यात याकी भाषेतले शब्दसुद्धा येत नाहीत. पेयोटीचा विधी तर याकींचा नाहीच, तो विचोल लोकांचा. तरीही डॉन हुआनच्या शोधात तरुणांच्या झुंडी याकी वस्त्यांवर जाऊन धडकू लागल्या. आपल्या घरी गुरू शोधायला कोण, कशासाठी येते आहे, हे त्या लोकांना कळायलाही मार्ग नव्हता.

१९७६ मध्ये रिचर्ड डी मिल यांनी या पुस्तकांची तपासणी छापली. पद्धत साधी होती: तारखा शेजारी-शेजारी मांडल्या. एका पुस्तकात शिष्याला जे पहिल्यांदा कळते, ते दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे त्याला काही वर्षे आधीच कळलेले असते. डॉन हुआनच्या तोंडची कित्येक वचने आधी छापलेल्या ग्रंथांतील मजकुराशी जुळतात. मूळ नोंदवह्या मात्र अभ्यासकांपुढे कधी पूर्णपणे आल्या नाहीत.

आम्ही वस्तीत पाहणीला जातो तेव्हा साध्या नोंदीवरही तारीख आणि ठिकाण लिहितो, म्हणून हा मुद्दा आम्हाला किरकोळ वाटत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट माहीत असते. रामपुरा गावावरच्या त्यांच्या वर्गवारी केलेल्या नोंदी १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिले आणि ते आठवणीतून लिहिले आहे हे नावातच सांगून टाकले. कास्तानेडा यांनी कादंबरी लिहिली असती तर आमचे काही म्हणणे नव्हते. ते चांगले लिहीत. त्यांनी ती संशोधन म्हणून दिली, विद्यापीठाने संशोधन म्हणून स्वीकारली आणि पदवी कधी परत घेतली नाही.

१९७३ नंतर ते लोकांपासून लपले. लॉस एंजेलिसमधील एका घरात अनुयायी स्त्रियांसह राहू लागले. फोटो काढू द्यायचा नाही, जुनी नाती तोडायची, नावे बदलायची, असे नियम होते. नव्वदच्या दशकात ते पुन्हा बाहेर आले, ते पैसे भरून शिकायच्या शारीरिक हालचालींची शिबिरे घेऊन. या हालचाली प्राचीन मेक्सिकोच्या शामनांकडून आल्याचे सांगितले जाई. त्यासाठी १९९५ मध्ये कंपनीही निघाली.

ज्ञानी माणूस सामान्यांसारखा मरत नाही, तो सदेह पलीकडे जातो, असे त्यांच्या शिकवणीत होते. २७ एप्रिल १९९८ रोजी ते यकृताच्या कर्करोगाने वारले. दहन झाले. बातमी बाहेर यायला जवळपास दोन महिने लागले.

त्यांच्या अगदी जवळच्या वर्तुळातल्या पाच स्त्रिया त्यानंतर बेपत्ता झाल्या. घरच्यांशी संबंध आधीच तुटलेले होते, त्यामुळे लगेच शोध घेणारेही कमी होते. एकीची मोटार कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात सोडलेली सापडली. २००३ मध्ये त्याच भागात हाडे मिळाली आणि २००६ मध्ये डीएनए तपासणीवरून ती तिचीच असल्याचे ठरले. उरलेल्या चौघींचा पत्ता लागलेला नाही.