बीथोव्हनचे कान

पाश्चात्य संगीताच्या इतिहासात ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या लुडविग व्हान बीथोव्हनचा जन्म जर्मनीतील बॉन नगरात इ. स. १७७० च्या डिसेंबरात झाला. आजोबा दरबारी संगीतवृंदाचे प्रमुख होते. वडील त्याच दरबारात गायक. वडिलांना मद्याचे व्यसन होते, आणि मुलाच्या बुद्धीवर पैसा मिळविण्याची घाईही. सातव्या वर्षी त्यांनी त्याला जाहीर मैफलीत बसविले आणि कौतुक अधिक व्हावे म्हणून त्याचे वय एका वर्षाने कमी सांगितले. १७८७ मध्ये आई क्षयाने गेली. दोन धाकट्या भावांचा भार या कोवळ्या पोराच्या खांद्यावर आला. १७९२ मध्ये तो व्हिएन्नास गेला, विख्यात संगीतकार हायडनपाशी काही काळ शिकला आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून त्या नगरीत गाजू लागला. समोर कागद नसताना, मनात येईल ती कल्पना फुलवीत जाण्यात त्याची बरोबरी करणारा तेथे क्वचितच कोणी होता.

अशा ऐन उमेदीच्या काळात, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याचे कान त्याला दगा देऊ लागले.

बहिरेपण दार ठोठावून येत नाही. बीथोव्हनला प्रथम जाणवली ती कानांतील अखंड घोंघावणारी गुणगुण. नाटकगृहात नटांचे शब्द कळावेत म्हणून त्याला वाद्यवृंदाच्या अगदी जवळ जाऊन पुढे झुकावे लागे. थोडे दूर बसले की वाद्यांचे आणि गळ्यांचे उंच स्वर नाहीसे होत. कोणी हळू बोलले तर आवाज ऐकू येई, पण शब्द उमगत नसत; आणि कोणी ओरडून बोलले तर ते असह्य होई. हे सारे त्याने १८०१ च्या जूनमध्ये आपला बालमित्र डॉक्टर वेगेलर यास पत्राने कळविले, आणि कोणालाही सांगू नये अशी गळ घातली. तोपर्यंत सुमारे दोन वर्षे त्याने लोकांत मिसळणे टाळलेच होते. आपणांस ऐकू येत नाही हे सांगायचे तरी कसे? दुसरा धंदा असता तर गोष्ट वेगळी; पण संगीतकाराचे कान गेले हे प्रतिस्पर्ध्यांना कळले तर ते काय म्हणतील, ही त्याची भीती होती. लोकांना मात्र तो तऱ्हेवाईक, माणूसघाणा वाटू लागला.

उपचार पुष्कळ झाले. कानांत बदामाचे तेल घातले, थंड पाण्याची स्नाने झाली, मग डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याची झाली. दंडांवर एका झाडाची साल बांधून फोड आणविण्याचाही प्रयोग झाला. पुढे नामांकित झालेला कार्ल चेर्नी दहा वर्षांचा असताना प्रथम त्याच्या घरी गेला, तेव्हा पिवळ्या औषधात भिजविलेला कापूस या गुरूच्या कानांत खोचलेला त्याने पाहिला होता.

१८०२ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने कानांना विसावा मिळावा म्हणून तो हायलिगेनश्टाट या खेड्यात राहिला. फर्डिनांड रीस हा त्याचा तरुण शिष्य तेथे त्याच्याबरोबर फिरावयास जाई. एकदा रानात एक मेंढपाळ बासरी वाजवीत होता. रीसने सहज तिकडे लक्ष वेधले. अर्धा तास बीथोव्हनने कान टवकारले. पण एक स्वर ऐकू आला नाही. आपल्यालाही आता काही ऐकू येत नाही, असे त्या भल्या शिष्याने वारंवार सांगितले, पण गुरू मूक आणि खिन्न होऊन गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावांना उद्देशून एक लेख लिहिला. जीव द्यावा असे मनात आले होते, केवळ कलेने आपल्याला रोखले, अशा आशयाचा तो लेख त्याने कधी पाठविला नाही. तो सापडला त्याच्या मृत्यूनंतर.

येथे एक शंका विद्यार्थ्यांच्या मनात येईल. ऐकू येत नसता संगीत रचावे कसे? आपल्याकडे गाणारा आणि रचणारा बहुधा एकच, आणि तंबोऱ्याच्या स्वरावाचून त्याचे चालत नाही. पाश्चात्य पद्धतीत रचनाकार कागदावर स्वर लिहितो आणि वाजविणारे दुसरे असतात. आपण पुस्तक मनात वाचतो तसे बीथोव्हन संगीत मनात ऐके. तीस वर्षे कानांनी जे साठविले होते, ते त्याच्यापाशी होते. म्हणून वादन सुटत गेले तरी रचना सुटली नाही. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या थंडगार नाटकगृहात चार तास चाललेल्या मैफलीत त्याची पाचवी आणि सहावी सिंफनी प्रथम वाजली. पुढच्याच वर्षी फ्रेंच तोफा शहरावर धडाडत असता तो भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता, कारण उरलेसुरले ऐकणे त्याला जपावयाचे होते.

कानाला लावण्याच्या नळ्या त्या काळी नवीन नव्हत्या. तरीही त्याने त्यांचा आधार घेतला तो १८१३-१४ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या चिन्हांनंतर सुमारे पंधरा वर्षांनी. लय मोजण्याच्या मेट्रोनोम यंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या मेल्त्सेल या कारागिराने त्याला अशा नळ्या करून दिल्या. नळीचे तोंड रुंद, कानाकडचे टोक निमुळते. ती आवाज गोळा करून कानात सोडते, एवढेच. गेलेले उंच स्वर तिने परत येत नाहीत. पण संभाषणाला काही काळ तिचा उपयोग झाला. मला वाटते, ती नळी पाच-सात वर्षे आधी हाती आली असती तर त्याचे कान बरे झाले नसते, पण एकांतवास थोडा कमी झाला असता.

आपल्या हैदराबादेत तरी निराळे काय चालते? डोळ्यांना चष्मा लावताना आजोबा लाजत नाहीत. पण कानाच्या यंत्राचे नाव काढले की मला सगळे ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता, असे म्हणतात. वर्गातही दुर्लक्ष करतो म्हणून ज्याला बोलणी बसतात, त्या मुलाचे कान एकदा तपासून घ्यावेत हे बरे. कधी दोष नुसत्या मळाचा असतो. आजचे यंत्र नळीसारखे सरसकट आवाज वाढवीत नाही. तपासणीत ज्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात तेवढेच ते उचलून देते. मात्र त्याची सवय व्हावयास काही आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट नकोसा वाटून पुष्कळ लोक ते पेटीत ठेवून देतात. या कामासाठी १९८३ मध्ये मुंबईस वांद्र्याला जी राष्ट्रीय संस्था निघाली, तिला उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हैदराबादचे अली यावर जंग यांचे नाव आहे. तिचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला मनोविकासनगरात आहे.

बीथोव्हनच्या नळ्याही हळूहळू निरुपयोगी ठरल्या. १८१८ पासून तो वह्या बाळगू लागला. भेटावयास येणारा आपला प्रश्न वहीत लिही आणि तो तोंडाने उत्तर देई. म्हणून शंभराहून अधिक वह्या शिल्लक असूनही आपल्याला बहुतेक ठिकाणी केवळ समोरच्याचेच बोलणे वाचावयास मिळते. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने त्याला एक उत्तम पियानो भेट पाठविला, त्यावर आवाज एकवटणारे घुमटासारखे आवरणही बसविले गेले. १८२२ मध्ये त्याने आपल्या फिदेलिओ या संगीतिकेची तालीम चालविण्याचा हट्ट धरला. गायक एकीकडे, वाद्ये दुसरीकडे, असा गोंधळ झाला. शेवटी शिंडलर या स्नेह्याने वहीत लिहून घरी चलण्याची विनंती केली. तो घरी गेला आणि तोंड झाकून पडून राहिला.

७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली. बीथोव्हन मंचावर उभा राहून हातवारे करीत होता, पण वादकांना आधीच सांगून ठेवले होते की पाहावयाचे ते उमलाउफ या संचालकाकडे. लोक टाळ्या वाजवीत होते आणि हा पाठमोरा उभा. कारोलिना उंगर या तरुण गायिकेने त्याला हलकेच वळविले. टाळ्या ऐकू न येणाऱ्या त्या माणसाला दिसाव्यात म्हणून लोकांनी हातरुमाल हलविले.

२६ मार्च १८२७ रोजी तो वारला. दुसऱ्या दिवशी शवपरीक्षेत श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. त्याच्या जपून ठेवलेल्या केसांवरून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणी केली. यकृताच्या विकाराचा काही उलगडा झाला, बहिरेपणाचे कारण मात्र मिळाले नाही. बॉनमधील त्याच्या जन्मघरी आता संग्रहालय आहे. मेल्त्सेलने केलेल्या त्या कर्णनळ्या तेथे ठेवल्या आहेत.