खोदणारा इंजिनिअर : अलेक्झांडर कनिंगहॅम

थर्ड इयरची ओरल्स संपली की कुठेतरी जायचंच, असं आमच्या ग्रुपचं सप्टेंबरपासून ठरलं होतं. गोवा नको, कारण तिथे सगळेच जातात. मग आमच्यातल्या नागपूरच्या मित्राने बोधगयेचं नाव काढलं. त्याच्या आजीला तिथल्या पिंपळाचं एक पान हवं आहे. 1956 साली दीक्षाभूमीवर ती वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती, पण बोधगया काही तिला आजवर जमली नाही. आता गुडघे साथ देत नाहीत. झालं, प्लॅन ठरला. महानगरी एक्सप्रेसने वाराणसी, तिथून सारनाथ, मग गया, बोधगया, राजगीर, नालंदा आणि परत. हातात दिवस चार. वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे (असं बाकीचे म्हणतात, खरं कारण म्हणजे बाकीचे आळशी आहेत).

वेळापत्रक करायला बसले, तर प्रत्येक ठिकाणच्या माहितीत एकच नाव यायला लागलं. सारनाथ : कनिंगहॅम. नालंदा : कनिंगहॅम. बोधगया : पुन्हा कनिंगहॅम. आम्ही कॉन्व्हेंटवाले, शाळेत इतिहास इंग्रजीतून पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. भारतीय पुरातत्त्व खात्याचा जनक एवढीच त्या माणसाची ओळख एका ओळीत वाचलेली आठवत होती. पण हा माणूस मुळात इंजिनिअर होता, आणि तोही आपल्यासारखा पूल-रस्तेवाला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मित्रांनो, ही त्याची गोष्ट.

अलेक्झांडर कनिंगहॅमचा जन्म 23 जानेवारी 1814 रोजी लंडनमध्ये झाला. वडील अ‍ॅलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे कवी. पण कवी होण्याआधी ते गवंडीकाम शिकलेले होते, आणि पुढे लंडनमध्ये एका नामवंत शिल्पकाराच्या कारखान्यात देखरेखीचं काम करत होते. म्हणजे घरात कविता आणि दगड दोन्ही. कवितेवर पोरांची पोटं भरणार नाहीत हे वडिलांना चांगलं माहीत असावं. त्यांनी आपले मित्र, प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या ओळखीने मुलांना ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात जागा मिळवून दिल्या. थोडक्यात, वशिला तेव्हाही होता. अलेक्झांडरने अ‍ॅडिसकोंबच्या कंपनीच्या कॉलेजात आणि मग चॅटमला इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि 1833 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो बंगाल इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून भारतात आला. आपण त्या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतो.

इथे त्याची गाठ जेम्स प्रिन्सेपशी पडली. प्रिन्सेप टांकसाळीतला अधिकारी, पण नाद जुन्या नाण्यांचा आणि शिलालेखांचा. पुढे 1837 मध्ये ब्राह्मी लिपी वाचली ती यानेच. त्याने या पोराला नाण्यांचं वेड लावलं, आणि ते वेड सुटलं ते मरतानाच.

एकविशीत असतानाच कनिंगहॅमने सारनाथच्या धामेक स्तूपाचं काम अंगावर घेतलं. सरकारी काम नव्हतं. खर्च स्वतःच्या खिशातून, पाचशेहून जास्त रुपये. पंजाबात माणिक्याला इथे काही वर्षांपूर्वी स्तूपाच्या पोटातून नाणी आणि अस्थींच्या डब्या निघाल्या होत्या, तसंच इथेही मिळेल अशी त्याची अटकळ. अस्थी असल्या तर त्या मधोमध, म्हणून त्याने वरून बरोबर मध्यावर उभा शाफ्ट खाली न्यायला सुरुवात केली. तीन फुटांवर एक कोरीव शिलालेख मिळाला. उत्साह वाढला. पण पुढे विटा संपून दगड लागले, आणि ते दगड लोखंडी क्लॅम्पनी एकमेकांना घट्ट जोडलेले. एकेक दगड सोडवायचा, वर ओढायचा, मग पुढचा. असं करत तो शंभर फुटांहून खाली, अगदी पायाच्या विटांपर्यंत गेला. तिथे काय मिळालं? काहीही नाही.

प्रॅक्टिकलला रिझल्ट आला नाही की आपण शेजारच्याचं रीडिंग उतरवतो. याने काही मिळालं नाही हेच नीट मापांसकट लिहून ठेवलं. मला तरी हा माणूस इथेच आवडला.

पण याच सारनाथला आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्तूपाच्या जवळ खोदताना त्याला सुमारे साठ मूर्ती आणि कोरीव दगड एका जागी सापडले. त्यातले निवडक त्याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला पाठवले. उरलेले चाळीसेक तिथेच राहिले. नंतर वरुणा नदीवरच्या पुलाच्या कमानींमधला तळ पाण्याने खरवडून जाऊ लागला, तेव्हा तो थांबवायला या मूर्ती गाड्यांत भरून नेल्या आणि पुलाखाली टाकल्या.

आपण हायड्रॉलिक्समध्ये स्कावर शिकतो. पुलाच्या पायाशी मोठे दगड टाका, हे उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतात. त्या कामावरच्या माणसाने काही चूक केली असं त्याला वाटलंही नसेल. दगड जड होते, जवळ होते, फुकट होते. त्याआधी 1794 मध्ये बनारसच्या जगतसिंहाच्या माणसांनी तिथलाच दुसरा एक स्तूप विटांसाठी पाडला होता. त्यात निघालेल्या अस्थी गंगेत सोडून दिल्या गेल्या. हे वाचल्यावर मी वेळापत्रकात सारनाथसमोर लिहिलेले दोन तास खोडले.

पुढची पंचवीस वर्षं मात्र कनिंगहॅमने नोकरी केली, अगदी आपल्या बाबांच्या मनासारखी. गव्हर्नर जनरल ऑकलंडचा एडीसी, मग लखनौला अवधच्या नबाबाकडे इंजिनिअर. ग्वाल्हेरला मोरार नदीवर दगडी कमानींचा पूल. पहिल्या शीख युद्धात बियास नदीवर होड्यांचे पूल. लडाख आणि तिबेटची हद्द ठरवायला हिमालयात पायपीट. नंतर ब्रह्मदेशात चीफ इंजिनिअर. पण जुन्या वास्तूंचा नाद या सगळ्यात सुटला नाही. 1851 मध्ये लेफ्टनंट मेसीबरोबर तो सांचीला गेला. सांची आणि सातधारा इथल्या स्तूपांतून बुद्धाचे दोन मोठे शिष्य, सारिपुत्त आणि महामोग्गलान, यांची नावं असलेल्या दगडी डब्या निघाल्या, आत अस्थी. धामेकला जे हुकलं होतं ते इथे मिळालं.

तो इथेच थांबला असता तर हौशी म्हणून राहिला असता. पण 1861 मध्ये मेजर जनरल होऊन निवृत्त झाल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याने व्हाइसरॉय कॅनिंगला लिहून पाठवलं की या देशातल्या जुन्या वास्तूंची पद्धतशीर पाहणी व्हायला हवी. तेरा वर्षांपूर्वीही त्याने हेच मांडलं होतं, तेव्हा कोणी मनावर घेतलं नव्हतं. या वेळी घेतलं. तो सरकारचा पुरातत्त्व सर्वेक्षक झाला.

आता त्याची पद्धत बघा, सिव्हिलवाल्यांना ओळखीची वाटेल. ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतभर फिरला होता. त्याचं प्रवासवर्णन 1857-58 मध्ये फ्रेंच भाषांतरात छापून आलं. त्यात प्रत्येक ठिकाणाहून पुढचं ठिकाण कोणत्या दिशेला आणि किती ली अंतरावर, हे दिलेलं आहे. दिशा आणि अंतर! म्हणजे आपला ट्रॅव्हर्सच. कनिंगहॅमने ओळखीच्या ठिकाणांवरून हिशेब करून साधारण सहा ली म्हणजे एक मैल असं प्रमाण धरलं आणि ती पोथी फील्डबुकसारखी हातात घेऊन चालायला लागला. राजगीरच्या उत्तरेला तीस ली, म्हणजे पाच मैल, असं नालंदेचं अंतर येत होतं. प्रत्यक्षात सुमारे सात मैलांवर बडगाव नावाचं खेडं आणि त्याच्या शेजारी विटांचे लांबच लांब ढिगारे होते. एवढी क्लोजिंग एरर आपले सर खपवून घेणार नाहीत, पण हजारएक वर्षांपूर्वी नुसत्या पायी चालून काढलेल्या अंदाजाला ती फार नाही. शिवाय तिथे नालंदा हे नाव असलेले लेखच सापडले, आणि शंका मिटली. याच पद्धतीने श्रावस्ती, कौशांबी, वैशाली, तक्षशिला ही नावं नकाशावर आपापल्या जागी बसली. कपिलवस्तूच्या बाबतीत मात्र तो चुकला.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे कार्ले, कान्हेरी, अजिंठा ही सगळी डोंगरात कोरलेली. जंगल वाढून ती झाकली जातील, पण डोंगर कोणी पळवत नाही. गंगेकाठचे विहार विटांचे. वीट सुटली की लगेच कोणाच्या तरी भिंतीत जाऊन बसते. म्हणूनच तिकडे आख्खी गावं हरवू शकली.

1866 मध्ये सरकारने खातंच बंद केलं आणि हा इंग्लंडला परत गेला. तिथे बसून त्याने भारताच्या प्राचीन भूगोलावर पुस्तक लिहिलं (1871). 1870 मध्ये व्हाइसरॉय मेयोने खातं पुन्हा सुरू केलं, आणि 1871 पासून कनिंगहॅम त्याचा डायरेक्टर जनरल. वय सत्तावन्न. आपल्याकडे या वयात लोक पीएफचा हिशेब करतात. हा हत्ती, उंट, बैलगाडी, जे मिळेल त्यावरून पुढची चौदा वर्षं उत्तर हिंदुस्थान फिरला. 1873 मध्ये त्याला भारहुतचा स्तूप सापडला. आसपासच्या गावांनी त्याचे बरेच दगड आधीच घरांना लावले होते, म्हणून उरलेला कठडा त्याने उचलून कलकत्त्याच्या म्युझियमला पाठवला. भारहुत सतन्याजवळ आहे, आणि आमची महानगरी सतन्यावरूनच जाते.

त्याची सगळ्यात मोठी चूक हडप्पाची. 1853 आणि 1856 मध्ये तो तिथे जाऊन आला होता. 1872-73 मध्ये खोदायला गेला तेव्हा लाहोर-मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी तिथल्या विटा रुळांखाली खडीसारख्या घातलेल्या, सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला पुरतील इतक्या. पुन्हा तेच, पुन्हा इंजिनिअर! तिथली एक मुद्रा त्याच्या हाती आली, तिचं चित्रही त्याने छापलं, पण ती परदेशी असावी असं ठरवून पुढे गेला. त्याच्या डोक्यात ह्युएन त्संग इतका पक्का होता की बुद्धाच्या दोन हजार वर्षं आधीचं शहर पायाखाली आहे हे त्याला दिसलं नाही. ते कळायला 1924 साल उजाडलं.

बोधगयेचं पडझड झालेलं महाबोधी मंदिर 1880 पासून त्याचा सहकारी बेगलर याने दुरुस्त केलं, तिथेच सापडलेल्या एका छोट्या दगडी प्रतिकृतीचा आधार घेऊन. 1876 मध्ये वादळात तिथला पिंपळ पडला होता. त्याच्याच वंशातलं रोप 1881 मध्ये कनिंगहॅमने लावलं. आज जो बोधिवृक्ष आपण बघतो तो हाच.

1885 मध्ये तो निवृत्त होऊन परतला. जन्मभर जमवलेल्या वस्तू ज्या इंडस बोटीने पाठवल्या ती श्रीलंकेजवळ बुडाली. सोन्याचांदीची नाणी तेवढी वाचली. 1887 मध्ये सर हा किताब मिळाला, 1892 मध्ये महाबोधीवरचं पुस्तक आलं, आणि 28 नोव्हेंबर 1893 रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

हे सगळं मी ग्रुपला कॅन्टीनमध्ये सांगितलं. नागपूरचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं की त्या अस्थी बाहेर काढायला याला परवानगी दिली कोणी? मला उत्तर देता आलं नाही. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी लंडनच्या म्युझियममध्ये होत्या आणि 1952 मध्ये सांचीच्या नव्या विहारात परत आल्या, एवढंच मी सांगितलं. तो म्हणाला की कनिंगहॅमसाठी ते खोदकाम होतं, आजीसाठी ते देवघर आहे. त्याचं बरोबर आहे. आणि कनिंगहॅम आला नसता तर कितीतरी विटा आणखी कुठल्या रुळांखाली गेल्या असत्या, हेही खोटं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायला मला अजून नीट जमत नाही.

सारनाथचा सिंहस्तंभ, जो आपल्या नोटांवर आहे, तो 1904-05 मध्ये ओर्टेल नावाच्या माणसाने खोदून काढला. तोही पीडब्ल्यूडीचा इंजिनिअर. तेव्हा बाबा, इतिहास वाचून नोकरी मिळत नाही हे तुमचं म्हणणं मान्य, पण नोकरी करून इतिहास मिळू शकतो.

वेळापत्रक आता असं आहे : सारनाथ पूर्ण एक दिवस (शुक्रवार सोडून, त्या दिवशी म्युझियम बंद), संध्याकाळी परतताना वरुणेच्या पुलावर दहा मिनिटं. बोधगया एक दिवस, राजगीर अर्धा, नालंदा दीड. पान झाडावरून तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं, असं आजीने फोनवर बजावून सांगितलं आहे. ते नीट यावं म्हणून मी माझं सर्व्हेचं जुनं फील्डबुक बरोबर घेणार आहे. पुठ्ठा जाड आहे, पान मोडणार नाही.