राजकन्या शार्लट आणि न वापरलेला चिमटा

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला पंधरा मुले झाली. तरीही १८१७ साली त्याचे औरस म्हणावे असे नातवंड एकच होते, ते म्हणजे राजकन्या शार्लट. आजोबांनंतर तिचे वडील आणि वडिलांनंतर ती, असा गादीचा क्रम ठरलेला होता. त्यामुळे एकवीस वर्षांच्या या मुलीला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा सगळा देश तिच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसला.

तिचा जन्म ७ जानेवारी १७९६ चा. आईवडिलांचे एकमेकांशी पटलेच नाही. मुलगी झाल्यावर लवकरच ते वेगळे राहू लागले आणि शार्लट दाया, शिक्षिका आणि दरबारी बायकांच्या हाती वाढली. स्वभावाने ती हट्टी आणि मोकळी होती. वडिलांनी हॉलंडच्या राजपुत्राशी ठरवलेले लग्न तिने १८१४ मध्ये मोडले. वडिलांनी तिच्यावर कडक पहारा बसवायचे ठरवताच ती घराबाहेर पडली, रस्त्यावरची भाड्याची घोडागाडी थांबवली आणि थेट आईच्या घरी गेली. दोन वर्षांनी, २ मे १८१६ रोजी, तिने स्वतःच्या पसंतीच्या लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी लग्न केले. दोघे लंडनबाहेर सरे परगण्यातल्या क्लेअरमाँट या घरी राहायला गेले. तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ तेवढाच, जेमतेम दीड वर्षाचा.

लग्न स्वतःच्या मनाने करणाऱ्या या मुलीच्या हाती बाळंतपणातला एकही निर्णय नव्हता. ते काम सर रिचर्ड क्रॉफ्ट यांच्याकडे सोपवले गेले. लंडनच्या उच्चभ्रू घरांत बाळंतपणे करणारे ते नावाजलेले वैद्य होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी शार्लटचे खाणे कमी केले आणि अधूनमधून तिचे रक्त काढले. गर्भारपणात रक्त वाढून अपाय होतो, असा तेव्हाच्या वैद्यकाचा विश्वास होता. आज आपण गर्भवतीला लोहाच्या गोळ्या देतो. तेव्हा तिचे असलेले रक्तही काढून घेतले जात होते.

ऑक्टोबरात दिवस भरले आणि उलटूनही गेले. अखेर ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या. राजघराण्याच्या प्रथेप्रमाणे मंत्री आणि आर्चबिशप साक्षीदार म्हणून शेजारच्या खोलीत येऊन बसले. कळा होत्या, पण जोर नव्हता. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडायलाच २६ तास लागले. त्यानंतर बाळ बाहेर यायला एक-दोन तास लागावेत, तिथे आणखी २४ तास गेले. मधल्या काळात बाळाने पोटातच शी केल्याची खूण दिसली. बाळ गुदमरत असल्याचा तो इशारा असू शकतो. क्रॉफ्ट यांनी डॉ. जॉन सिम्स यांना बोलावून घेतले होते. गरज पडली तर मुलाचे डोके धरून ओढायचा लोखंडी चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, लावण्यासाठी. सिम्स आले आणि दुसऱ्या खोलीत बसून राहिले. कळा चालू असताना त्यांनी राजकन्येला पाहिलेही नाही. चिमटा वापरला गेलाच नाही.

५ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास मुलगा जन्मला. वजन नऊ पौंड, म्हणजे चार किलोच्या वर. तो मृत होता. वार आपोआप पडेना, म्हणून क्रॉफ्ट यांनी ती हाताने काढली. रक्त गेले. शार्लट मात्र शांत होती, थोडे खाल्लेही. थकलेला लिओपोल्ड झोपायला गेला. मध्यरात्रीच्या सुमारास तिला अस्वस्थ वाटू लागले, श्वास जड झाला, नाडी लागेना. पहाटे अडीचच्या सुमारास ती गेली. नवरा उठून येईपर्यंत सगळे संपले होते.

चिमटा का लावला नाही, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे उत्तर क्रॉफ्ट यांच्या शिक्षणात आहे. अठराव्या शतकात चिमट्याचा वापर सर्रास होऊ लागला होता. अडाणी हातांनी घाईने ओढल्यामुळे बायका फाटत, मुलांच्या कवट्या चेपत. त्याविरुद्ध लंडनचे थोर प्रसूतितज्ज्ञ थॉमस डेनमन यांनी आवाज उठवला. निसर्गाला वेळ द्या, मुलाचे डोके अगदी खाली येऊन सहा तास थांबल्याशिवाय चिमट्याला हात लावू नका, असा दंडक त्यांनी घातला. त्यामुळे अनेक बायका वाचल्याही असतील. क्रॉफ्ट हे डेनमन यांचे विद्यार्थी आणि जावई. सासऱ्याचा नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळला. एका पिढीने अतिरेक पाहून शिकलेला संयम पुढच्या पिढीने आंधळेपणाने पाळला, असेच म्हणावे लागते. क्रॉफ्ट निष्काळजी नव्हते. पन्नास तास ते तिथून हलले नाहीत.

सिझेरियन हा पर्याय तेव्हा नव्हताच म्हणायचा. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, गर्भाशयाची जखम शिवायची पद्धत नव्हती. पोट फाडणे म्हणजे आईचा मृत्यू जवळपास ठरलेला. ईथरची भूल १८४६ मध्ये आली, लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ मध्ये आणि गर्भाशय नीट शिवण्याची जर्मन डॉक्टर मॅक्स झेंगर यांची पद्धत १८८२ मध्ये. रक्तही देता येत नव्हते. माणसाला माणसाचे रक्त देण्याचा जेम्स ब्लंडेल यांचा पहिला प्रयोग लंडनमध्येच झाला, तोही पुढच्या वर्षी.

आज दिवस उलटलेल्या, मोठे बाळ असलेल्या स्त्रीसमोर तीन-चार वाटा असतात: औषधाने कळा आणणे, नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहणे, व्हॅक्यूम किंवा चिमटा, आणि सिझेरियन. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा मूल आडवे असेल तर आधीच ठरवलेले सिझेरियन जीव वाचवते, आणि ते कळा अडल्यावर घाईत केलेल्या सिझेरियनपेक्षा सुरक्षित असते. कारण नसताना केले तर मात्र किंमत पुढे मोजावी लागते. ३९ आठवड्यांआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणाला चिकटण्याचा धोका असतो. भारतात २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सिझेरियनचे प्रमाण सरकारी दवाखान्यांत १४ टक्क्यांच्या आसपास, तर खासगीत ४७ टक्क्यांवर आढळले. बायकांची शरीरे दवाखान्यागणिक इतकी बदलत नाहीत. डेनमन आज असते तर त्यांनी पुन्हा एखादा दंडक घातला असता.

शार्लटच्या मृत्यूनंतर दुकानांतले काळे कापड संपले, इतका शोक झाला. राजघराण्याने क्रॉफ्ट यांना दोष दिला नाही, लोकांनी मात्र सोडले नाही. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, दुसऱ्या एका स्त्रीचे बाळंतपण असेच लांबत चालले असताना त्यांनी त्याच घरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. प्रसूतितज्ज्ञ सर एअर्डली हॉलंड यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास करून त्याला तिहेरी शोकांतिका म्हटले. आई, मूल आणि वैद्य.

गादीला वारस उरला नाही, म्हणून राजाच्या प्रौढ मुलांची लग्नाची धांदल उडाली. त्यांतल्या ड्यूक ऑफ केंटने लिओपोल्डच्याच बहिणीशी लग्न केले आणि मे १८१९ मध्ये त्यांना मुलगी झाली. तीच राणी व्हिक्टोरिया. शार्लटचा मुलगा वाचला असता, तर मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला शतकभर व्हीटी म्हणायची वेळ बहुधा आली नसती. व्हिक्टोरियाची नऊ बाळंतपणे झाली. आठव्या वेळी, एप्रिल १८५३ मध्ये, तिने डॉ. जॉन स्नो यांना बोलावून क्लोरोफॉर्म घेतला. बाळंतपणात भूल देण्याला अनेक डॉक्टरांचा विरोध होता. तिने तो मानला नाही. त्या मुलाचे नाव शार्लटच्या नवऱ्यावरून लिओपोल्ड ठेवले.