कै. बाबा आमटे आणि त्यांचे आनंदवन

वणीहून वरोऱ्याकडे जाताना वर्धा नदी ओलांडली की आपला यवतमाळ जिल्हा संपतो व चंद्रपूर जिल्हा लागतो. त्या पलीकडच्या मुलखात, वरोरा गावाजवळ आनंदवन वसले आहे. त्याचे संस्थापक कै. बाबा आमटे यांस जाऊन आता इतकी वर्षे लोटली, की आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्यांस पाहिले असण्याचा संभव नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. कायद्याची पदवी घेऊन ते वरोऱ्यास वकिली करू लागले. मैला वाहणाऱ्यांचे कष्ट स्वतः अनुभवावे म्हणून त्यांनी काही महिने मैल्याची पाटीही डोक्यावर घेतली. त्याच काळात एका पावसाळी सायंकाळी रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी पाहून ते भयाने पळाले. त्या भयाची त्यांस लाज वाटली. ते परत फिरले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले.

१९५१ साली पत्नी साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा व अवघे चौदा रुपये घेऊन ते सरकारकडून मिळालेल्या पन्नास एकर खडकाळ रानात राहावयास गेले. तेथे विंचू-सापांचा सुळसुळाट होता, पाणी नव्हते. बोटे झडलेल्या हातांनी रुग्णांनी विहीर खणली, दगड वेचले, धान्य व भाजीपाला पिकविला. परंतु तो भाजीपाला गावकरी घेईनात! पुढे परदेशांतून स्वयंसेवक आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखाना बांधिला व तेथलेच अन्न ग्रहण केले, तेव्हा कोठे लोकांची भीती ओसरली.

रुग्णालय म्हटले की औषध, खाट व डॉक्टर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ते किती पाणी, किती जळण घेते व किती घाण बाहेर टाकते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आनंदवनाने आपले अन्न आपणच पिकविले. शेणखत शेतास दिले व गोबरगॅसवर चूल पेटविली. पुढे बाबांचे ज्येष्ठ पुत्र डॉ. विकास यांनी लोखंड व लाकूड वाचविणारी विटांच्या कमानींची घरे बांधिली आणि टाकाऊ टायर बंधाऱ्यांच्या कामी लाविले. ज्या रुग्णांस समाजाने टाकाऊ ठरविले, त्यांनीच कोणतीही वस्तू टाकाऊ नसते हे जगास दाखविले, हे आम्हांस विशेष वाटते.

पाठीच्या कण्याच्या विकाराने बाबांस बसणे अशक्य झाले. ते उभे राहत किंवा पडून असत. तरीही १९९० पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी नर्मदाकाठी राहून नदीसाठी लढा दिला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांस तेथल्याच मातीत पुरण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी कित्येक जण पुढे डॉक्टर व परिचारिका होतील. तुमच्या रुग्णालयाच्या मागील दाराने काय बाहेर जाते, तेही पाहत जा. रोग्यास बरे करताना गावची विहीर नासली, तर आपण नवे रोगीच निर्माण करू.