मृत्यूच्या जहाजावर चढण्याआधी वाचलेला शास्त्रज्ञ : व्हिक्टर गोल्डश्मिट

तुमच्या मोबाईलमध्ये शेकडो बारीक कपॅसिटर असतात. बहुतेकांत असतं बेरियम टायटॅनेट, म्हणजे पेरोव्स्काईट कुळातलं ऑक्साईड. या कुळाचं गणित 1926 साली नॉर्वेत मांडलं व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी. आयनांच्या आकारावरून स्फटिकाची चौकट सरळ बसेल की कलेल, याचा अंदाज त्यातून येतो. पदार्थ किती विद्युतभार साठवणार, चुंबक बनणार का, हे बरंचसं या कलण्यावर ठरतं.

पण गोल्डश्मिट ज्यू होते. नाझींमुळे 1935 साली जर्मनी सोडून ते ऑस्लोला परतले, तर पुढे नाझी तिथेही पोचले. नोव्हेंबर 1942 मध्ये ज्यूंना घेऊन 'डोनाऊ' जहाज निघणार होतं. गोल्डश्मिटही धक्क्यावर उभे होते. त्यांच्या ज्ञानाचा उपयोग होईल म्हणून ऐनवेळी त्यांना बाजूला काढलं. जहाजातल्या पाचशेहून जास्त लोकांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच परत आले.

ते स्वीडनमार्गे इंग्लंडला निसटले आणि 1947 साली ऑस्लोत वारले. बेरियम टायटॅनेटचे गुण त्याच युद्धाच्या धामधुमीत अमेरिका, रशिया आणि जपानमध्ये उघड झाले होते.